नकाशाचं सॉफ्टवेअर निवडताना: आधी काम ठरवा, किंमत नंतर बघा

जीआयएस, म्हणजे ठिकाणांशी जोडलेली माहिती नकाशावर मांडून तपासणं. या क्षेत्रात नव्याने आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: क्यूजीआयएस घेऊ की आर्कजीआयएस? उत्तरंही ठरलेलीच. एक जण म्हणतो, फुकट मिळतंय तर पैसे कशाला घालवायचे? दुसरा म्हणतो, पुढे नोकरी करायची असेल तर आर्कजीआयएसच शिका. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं असतं. पण तुम्हाला काय काम करायचं आहे हे दोघांनीही विचारलेलं नसतं, त्यामुळे तुमच्या उपयोगाचं त्यात फारसं काही नसतं.

मग आपण तुलनेचे तक्ते शोधायला लागतो. डावीकडे सुविधांची यादी, वर सॉफ्टवेअरची नावं आणि चौकटींमध्ये बरोबरच्या खुणा. बफर काढणं (एखाद्या गोष्टीभोवती ठरावीक अंतराचा पट्टा आखणं), एका लेयरने (माहितीच्या एका थराने) दुसरा कापणं, तक्ता जोडणं, रंग भरणं या गोष्टी आज सगळीच सॉफ्टवेअर करतात, त्यामुळे खुणाही सगळीकडे असतात. फरक पडतो तो हेच काम तुमच्या डेटावर किती वेळात, किती कटकटीने आणि किती बिनचूक होतं यात. तो तक्त्यातून कळत नाही, करून बघावा लागतो. करून बघायचं म्हणजे नेमकं काय, ते पुढे क्रमाने सांगतो.

पायरी १: जीआयएसची गरज आहे का?

जागा शोधायची, चार खुणा करायच्या, अंतर मोजायचं आणि कुणाला तरी पाठवायचं, एवढंच काम असेल तर गुगल अर्थ प्रो पुरे. पूर्वी त्याला वार्षिक शुल्क होतं, जानेवारी २०१५ पासून ते मोफत आहे. ते केएमएल (नकाशावरच्या खुणा साठवायचा एक फॉरमॅट) फाइल वाचतं आणि लिहितं, जुनी उपग्रहचित्रंही दाखवतं.

तक्त्यातल्या आकड्यांनुसार शेकडो सीमा रंगवायच्या असतील, नदीपासून ५०० मीटरच्या आतल्या विहिरी वेगळ्या काढायच्या असतील किंवा ठरावीक स्केलचा नकाशा छापायचा असेल, तर मात्र ते पुरत नाही. तुमचं काम तिथपर्यंत जाणार नसेल तर हा लेख इथेच सोडलात तरी चालेल.

पायरी २: दोन, फार तर तीन नावं निवडा

क्यूजीआयएस २००२ मध्ये गॅरी शर्मन यांनी सुरू केलं. आज जगभरचे स्वयंसेवक आणि काही कंपन्या मिळून ते चालवतात. जीपीएल हे मुक्त लायसन्स असल्यामुळे ते हव्या तितक्या संगणकांवर टाकता येतं आणि त्यावर पैसे घेऊन कामंही करता येतात. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. शेकड्याने फॉरमॅट उघडण्याची त्याची ताकद मुख्यतः जीडीएएल या लायब्ररीतून येते. फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ मध्ये सुरू केलेली ही लायब्ररी विकतच्या सॉफ्टवेअरमध्येही सर्रास वापरली जाते. ग्रास हे अमेरिकी लष्कराच्या बांधकाम संशोधन प्रयोगशाळेत १९८२ पासून घडलेलं जुनं सॉफ्टवेअर. त्याची साधनंही क्यूजीआयएसमधून चालवता येतात.

आर्कजीआयएस प्रो एस्री कंपनीचं. जॅक आणि लॉरा डेंजरमंड यांनी ही कंपनी १९६९ मध्ये स्थापन केली, आणि प्रो ही आवृत्ती २०१५ मध्ये आली. ते फक्त विंडोजवर चालतं. मॅकवाल्यांनी ही ओळ दोनदा वाचावी, कारण विंडोजचा वेगळा संगणक घ्यायचा तर तो खर्चही हिशेबात धरावा लागतो. प्रोची खरी ताकद त्याच्या आजूबाजूला आहे: ऑनलाइन सेवा, सर्व्हर, मोबाइलवर माहिती गोळा करायची ॲप, तयार बेसमॅप (मागे पार्श्वभूमीला लावायचे नकाशे), सगळं एकाच खात्याखाली.

मॅपइन्फो प्रो आता प्रिसाइजली या कंपनीकडे आहे. व्यवसायाची ठिकाणं आणि ग्राहकांचं विश्लेषण करणाऱ्या कार्यालयांत ते मुरलेलं आहे. ग्लोबल मॅपर २०११ पासून ब्लू मार्बल कंपनीचं आहे. लायडारचे (लेझरने केलेल्या मोजणीचे) पॉइंट क्लाउड म्हणजे बिंदूंचे ढग, उंचीचा डेटा आणि चित्रविचित्र फॉरमॅट हाताळण्यात त्याचा हात चांगला बसलेला आहे. मॅनिफोल्ड हे प्रचंड डेटा एकाच संगणकावर वेगाने दळण्यासाठी ओळखलं जातं, पण त्याची कामाची रीत इतरांहून इतकी वेगळी आहे की पहिलंवहिलं सॉफ्टवेअर म्हणून मी ते सुचवणार नाही.

सगळ्यांची चाचणी घ्यायच्या फंदात पडू नका. क्यूजीआयएस यादीत राहू द्या, कारण ते उतरवायला काही लागत नाही आणि इतरांना मापायला ते चांगलं पडतं. तुमच्या क्षेत्रातली माणसं जे विकतचं सॉफ्टवेअर वापरतात ते दुसरं. तिसरं घ्यायला सबळ कारण असेल तरच घ्या.

पायरी ३: चाचणीसाठी एक खरं काम निवडा

सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या नमुना डेटावर सगळं छानच चालतं, तो त्यासाठीच घासूनपुसून ठेवलेला असतो. चाचणीला तुमचाच डेटा घ्या, आणि जरा मळलेला घ्या. कामात एवढं तरी असावं: अक्षांश-रेखांश असलेला एक सीएसव्ही (साध्या मजकुरात साठवलेला) तक्ता, सीमांचा एक लेयर, या दोन्हींना जोडणारा एखादा कोड, एखादं रास्टर (उपग्रहचित्र किंवा उंचीचा डेटा), एक क्षेत्रफळ आणि शेवटी छापण्याजोगी एक पीडीएफ. सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा आणि मूळ फाइली 'फक्त वाचनासाठी' करून टाका.

विकतच्या सॉफ्टवेअरची चाचणी प्रत ठरावीक दिवसांचीच असते. हे फोल्डर तयार व्हायच्या आत ती चालू करू नका. पुष्कळांचे निम्मे दिवस डेटा गोळा करण्यातच जातात आणि शेवटच्या दिवशी घाईघाईत मत बनतं.

पायरी ४: तेच काम प्रत्येकात करा, आणि इथे थांबून बघा

सुरुवात सीएसव्हीपासून. बिंदू नकाशावर कुठे पडतात ते बघा. क्षेत्राच्या जागी ते दुसऱ्याच खंडात गेले असतील तर अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली आहे. एक्स म्हणजे रेखांश, वाय म्हणजे अक्षांश. आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात एकाच ठिकाणी ढीग पडला असेल, तर त्या ओळींमध्ये निर्देशांकांच्या जागी शून्यं आहेत. यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. ही चूक तुमच्या लक्षात आणून द्यायला आणि दुरुस्त करू द्यायला ते किती मदत करतं, एवढंच टिपून ठेवा.

मग कोड. '००४७' असा कोड वाचताना सॉफ्टवेअरने तो संख्या समजून '४७' केला, तर सीमांच्या लेयरमधल्या '००४७' शी तो जुळणारच नाही. जोडणी झाल्याचा संदेश येतो आणि नवे रकाने रिकामे राहतात. नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी अडचण बहुधा हीच असावी. क्यूजीआयएसमध्ये सीएसव्ही आत घेतानाच रकान्यांचे प्रकार ओळखण्याची खूण काढता येते. आर्कजीआयएस प्रोमध्ये फोल्डरात स्कीमा डॉट आयएनआय ही छोटी फाइल ठेवून रकान्याचा प्रकार सांगता येतो. हे तुम्हाला कुठे आणि किती शोधाशोध करून सापडलं, ते वहीत लिहा.

पुढचा मुद्दा देवनागरी लिहिणाऱ्यांच्या खास कामाचा. शेपफाइल हा फॉरमॅट अजूनही सगळीकडे फिरतो, आणि त्यात रकान्याच्या नावाला १० बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावतं, तर यूटीएफ-८ (मजकूर साठवायची आजची नेहमीची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि त्यात काना, मात्रा, हलंत ही प्रत्येकी स्वतंत्र चिन्हं. म्हणजे 'लोकसंख्या' असं नाव दिलंत तर 'ल', काना-मात्रा आणि 'क' एवढ्यातच जागा संपते. उरतं 'लोक', आणि शेजारी 'लोकवस्ती' हा रकाना असेल तर दोन्ही सारखेच दिसू लागतात. मजकुराच्या रकान्यालाही २५४ बाइटची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीची ८४ चिन्हं. लांबलचक पत्ता मध्येच तुटतो. म्हणून चाचणीचं काम शेपफाइलमध्ये न साठवता जिओपॅकेजमध्ये साठवा. २०१४ पासूनचं हे खुलं मानक आहे, आतून एसक्यूलाइट डेटाबेस. क्यूजीआयएस ते मूळ फॉरमॅट म्हणून वापरतं आणि आर्कजीआयएस प्रोही ते उघडतं.

आता क्षेत्रफळ. इथे जरा वेळ काढा, कारण सॉफ्टवेअर तुम्हाला किती सहज चुकू देतं हे इथे उघडं पडतं.

वेब नकाशांचं नेहमीचं प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट मांडायची पद्धत) म्हणजे वेब मर्केटर, त्याचा ठरलेला कोड ईपीएसजी:३८५७. त्यात विषुववृत्तापासून जसजसं दूर जावं तसतसं क्षेत्रफळ फुगत जातं. २० अंश अक्षांशावरचा १०० हेक्टरचा तुकडा त्यात ११३ हेक्टरच्या पुढे मोजला जातो, ४५ अंशांवर जवळजवळ दुप्पट आणि ६० अंशांवर चौपट. मागे बेसमॅप लावला की प्रोजेक्ट अनेकदा आपोआप याच प्रोजेक्शनमध्ये जातो, आणि नवशिक्याच्या ते गावीही नसतं.

एक तुकडा घ्या आणि तीन प्रकारे मोजा. क्यूजीआयएसच्या फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये डॉलरचं चिन्ह लावून लिहिलेलं 'एरिया' प्रोजेक्टमध्ये ठरवलेला पृथ्वीचा गोलाभ (किंचित चपट्या गोलाचा आकार) धरून मोजतं, तर फंक्शन म्हणून कंसात भूमिती देऊन लिहिलेलं 'एरिया' लेयरच्या सपाट प्रोजेक्शनमध्ये मोजतं. नावं सारखीच, उत्तरं मात्र वेगळी. आर्कजीआयएस प्रोमध्ये भूमितीचे गुणधर्म काढण्याच्या साधनात 'एरिया' आणि 'एरिया जिओडेसिक' (पृथ्वीचा गोलावा धरून मोजलेलं) असे दोन पर्याय शेजारी-शेजारी दिसतात. मॅपइन्फोमध्ये हाच प्रश्न 'स्फेरिकल' आणि 'कार्टेशियन' या नावांनी येतो.

पडताळ्यासाठी तिसरं मोजमाप यूटीएममध्ये करा, म्हणजे पृथ्वीचे ६-६ अंशांचे झोन पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रोजेक्शनमध्ये. रेखांशात १८० मिळवा, ६ ने भागा, पूर्णांकात १ मिळवा. हा तुमचा झोन. ७५ अंश पूर्व रेखांशासाठी २५५ भागिले ६ म्हणजे ४२.५, म्हणून झोन ४३. उत्तर गोलार्धासाठी त्याचा कोड ईपीएसजी:३२६४३. आपल्या झोनच्या आत यूटीएममधलं क्षेत्रफळ खऱ्यापेक्षा हजारात एक-दोन भागांहून जास्त चुकत नाही. जिओडेसिक उत्तर आणि यूटीएमचं उत्तर जवळपास जुळलं की समजायचं, आपण नीट विचारलं.

नीट विचारलं तर सगळी सॉफ्टवेअर एकच उत्तर देतात. त्यामुळे इथे गुण द्यायचे ते योग्य पर्याय किती ठळक दिसतो याला. माझ्या मते इथे आर्कजीआयएस प्रो थोडं पुढे आहे. क्यूजीआयएसमध्ये दोन्ही उत्तरं मिळतात, पण त्यांतला फरक मदतीचं पान वाचल्याशिवाय कळत नाही.

रास्टरसाठी उताराचा नकाशा काढून बघा. २००० साली अंतराळयानातून मोजलेला एसआरटीएम उंचीचा डेटा मोफत मिळतो. तो अंशांमध्ये असतो आणि उंची मीटरमध्ये. तसाच्या तसा उतार काढायला दिलात तर सपाट माळरानही जवळजवळ ९० अंशांचा कडा होऊन बसतं, कारण सॉफ्टवेअर एक अंश म्हणजे एक मीटर धरून चालतं. प्रत्यक्षात विषुववृत्तावर तो सुमारे १११ किलोमीटर भरतो. उपाय दोन: आधी रास्टर यूटीएममध्ये बदलून घ्या किंवा उंची आणि अंतर यांचं गुणोत्तर द्या. क्यूजीआयएसमधल्या जीडीएएलच्या उताराच्या साधनात त्यासाठी १,११,१२० हा आकडा टाकतात. आर्कजीआयएस प्रोमधल्या साधनात जिओडेसिक पद्धत निवडता येते. फक्त ते साधन चालायला स्पेशियल ॲनालिस्ट किंवा थ्रीडी ॲनालिस्ट हे एक्स्टेंशन (मूळ सॉफ्टवेअरला जोडायचा भाग) लागतं. हे आत्ताच टिपून ठेवा, पैशांच्या पायरीवर त्याची गाठ पडणार आहे.

शेवटी छपाई. कागद, स्केल, उत्तरदिशा, सूची हे सगळीकडे जमतं. एकाच साच्यातून चाळीस नकाशे काढायचे असतील तर क्यूजीआयएसमध्ये 'ॲटलस' आहे, आर्कजीआयएस प्रोमध्ये 'मॅप सिरीज'. दोन्ही चांगले. खरी कसोटी लागते लेबलांची. दाटीवाटीच्या नकाशावर नावं एकमेकांवर न चढवता बसवण्यात आर्कजीआयएस प्रोचं मॅप्लेक्स इंजिन हाताची मेहनत वाचवतं. क्यूजीआयएसमध्ये नियम लावून हवं ते घडवता येतं, पण ते नियम लिहायचे तुम्हालाच.

देवनागरी लेबल असतील तर नदीच्या वळणावर वाकवून लावलेलं नाव जरूर तपासा. 'क्ष', 'ज्ञ', रफार, वेलांटी असलेली दोन-तीन नावं घ्या, पीडीएफ काढा आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडा. जोडाक्षर तुटलं किंवा वेलांटी चुकीच्या बाजूला सरकली तर पीडीएफ काढताना मजकूर अक्षर म्हणून न ठेवता आकृती म्हणून काढायचा पर्याय वापरून बघा. क्यूजीआयएसमध्ये तो निर्यातीच्या खिडकीतच आहे. मग पीडीएफमध्ये नाव शोधता येत नाही, पण दिसतं तरी बरोबर.

पायरी ५: वेळेची वही

प्रत्येक टप्प्यापुढे तीन आकडे लिहा: प्रत्यक्ष काम करण्यात गेलेली मिनिटं, 'हे कुठे आहे' म्हणून शोधण्यात गेलेली आणि चुकलेलं निस्तरण्यात गेलेली. मग एक-दोन दिवस जाऊ द्या आणि तेच काम पहिल्यापासून पुन्हा करा.

पहिल्या फेरीवरून मत बनवू नका. त्या फेरीत तुम्ही सॉफ्टवेअर कमी आणि स्वतःचा नवखेपणाच जास्त मोजलेला असतो. दुसऱ्या फेरीत शोधण्याची मिनिटं झपाट्याने खाली येतात. ती ज्यात जास्त खाली आली, ते सॉफ्टवेअर तुमच्या डोक्याशी जुळतं. दुसऱ्या फेरीतही निस्तरण्याची मिनिटं तेवढीच राहिली, तर ती पुढेही दर महिन्याला जाणार असं समजा.

तिसरी फेरी स्वयंचलित करून बघण्याची. क्यूजीआयएस आणि आर्कजीआयएस प्रो दोन्हींत मॉडेल (कामाच्या टप्प्यांची साखळी) जोडत जायची चित्रमय सोय आहे आणि दोन्हींत पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा चालते. महिन्यातून एकदाच करायचं काम असेल तर हे सोडून द्या. रोजचं असेल तर निर्णय बहुधा याच फेरीत होतो.

पायरी ६: आता पैसे

तीन वर्षांचा हिशेब मांडा. एका वर्षाच्या किमतीत सवलती असतात, त्यावर जाऊ नका.

विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये लायसन्स कायमस्वरूपी आहे की वार्षिक, हे आधी विचारा. वार्षिक असेल तर मुदत संपली की सॉफ्टवेअर उघडायचं थांबतं. कायमस्वरूपी असेल तर ते चालू राहतं, पण नव्या आवृत्त्या आणि मदत यांसाठी देखभाल शुल्क भरावं लागतं. आर्कजीआयएस प्रोमध्ये लायसन्सच्या पातळ्या असतात आणि साधनं त्या पातळ्यांत विभागलेली असतात. त्यांची नावं आणि कोणत्या पातळीत कोणतं एक्स्टेंशन येतं हे मधूनमधून बदलत आलं आहे. म्हणून जाहिरातीतल्या पातळीच्या नावावर न जाता, पायरी ४ मध्ये वापरलेल्या साधनांची यादी विक्रेत्याला द्या आणि 'या सगळ्यासाठी एकूण किती?' असं लेखी विचारा. उताराचं साधन त्या यादीत असू द्या.

सहज नजरेआड होणारा खर्च म्हणजे क्रेडिट. आर्कजीआयएसच्या ऑनलाइन सेवेतून पत्त्यांवरून ठिकाणं काढली किंवा रस्त्यांवरचं विश्लेषण केलं की क्रेडिट खर्ची पडतात. हजारो पत्त्यांचा तक्ता एका क्लिकवर लावण्याआधी अंदाजे किती क्रेडिट जातील ते बघून घ्या.

विद्यार्थी किंवा वैयक्तिक वापराच्या स्वस्त लायसन्समध्ये पैसे घेऊन काम करायला सहसा मनाई असते. शिकण्यासाठी उत्तम, पण त्यावर केलेला नकाशा ग्राहकाला विकू नका.

मोफतलाही खर्च आहे, फक्त पावती मिळत नाही. क्यूजीआयएसमधलं एखादं प्लगिन (वरून जोडलेलं जास्तीचं साधन) तुमच्या कामाचा कणा असेल, तर ते कोण सांभाळतं आणि शेवटची सुधारणा कधी झाली ते बघा. फेब्रुवारी २०१८ मध्ये आवृत्ती ३.० आली तेव्हा आतलं पायथनही २ वरून ३ वर गेलं. जुनी प्लगिनं त्यावर जशीच्या तशी चालेनात, आणि ज्यांना वाली नव्हता ती मागेच राहिली. म्हणून कामासाठी नेहमी दीर्घकाळ आधार असलेली आवृत्ती घ्या, ती वर्षातून एकदा ठरते. दर चार महिन्यांनी येणारी नवी आवृत्ती कुतूहल म्हणून दुसऱ्या संगणकावर टाका. अडलं तर पैसे घेऊन मदत करणाऱ्या कंपन्या क्यूजीआयएससाठीही आहेत. 'मोफत सॉफ्टवेअरला विचारायला कोणी नाही' हे पूर्वी एकवेळ खपून गेलं असतं, आता नाही.

बेसमॅपही हिशेबात धरा. आर्कजीआयएसमध्ये तो आयता येतो. क्यूजीआयएसमध्ये तुम्ही जोडता, पण प्रत्येकाच्या अटी वेगळ्या. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा वापरला तर नकाशावर त्यांचं श्रेय छापावं लागतं, आणि त्यांच्या सर्व्हरवरून घाऊक चित्रं उतरवून ठेवायला परवानगी नाही.

पायरी ७: बाहेर पडून बघा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. माझ्या लेखी मोलाचा निम्मा निकाल हिच्यावर लागतो.

मायक्रोसॉफ्टचं मॅपपॉइंट एके काळी कार्यालयांत लोकप्रिय होतं: सोपं, एकदाच विकत घ्यायचं, एक्सेलशी जुळणारं. २०१४ अखेर ते बंद झालं. लोकांची वर्षानुवर्षांची विक्रीक्षेत्रं त्याच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये अडकलेली होती. एस्रीकडेही असे वळणबिंदू आले. जुन्या आर्कव्ह्यूसाठी ॲव्हेन्यू या भाषेत लिहिलेल्या स्क्रिप्ट पुढच्या पिढीत चालेनात. प्रोच्या आधीच्या आर्कमॅपचा आधार १ मार्च २०२६ ला संपवण्याचं कंपनीने जाहीर केलं. आर्कमॅपचे नकाशे प्रोमध्ये आत घेता येतात, पण तिथून परतीची वाट नाही.

म्हणून चाचणीचं तयार काम एका सॉफ्टवेअरमधून बाहेर काढा आणि दुसऱ्यात उघडा. भूमिती आणि तक्ता बहुतेक नीट येतील. एस्रीची फाइल जिओडेटाबेस आणि मॅपइन्फोची टॅब फाइल जीडीएएलमुळे क्यूजीआयएसमध्ये उघडते. लायसन्स संपलं तरी डेटा हातचा जात नाही, ही मोठीच सोय. हरवतात त्या बाकीच्या गोष्टी: रंग, चिन्हं, लेबलांचे नियम, छपाईची मांडणी, मॉडेलं. क्यूजीआयएस शैली जिओपॅकेजच्या आतच साठवू शकतं, पण आर्कजीआयएस प्रो ती वाचत नाही. क्यूजीआयएसचा प्रोजेक्ट म्हणजे झिपमधली साधी एक्सएमएल फाइल, गरज पडली तर ती टेक्स्ट एडिटरमध्येही उघडून वाचता येते.

हे पुन्हा उभं करायला किती तास लागतील याचा अंदाज वहीत लिहा. तुमचं मोल मांडणीत आणि शैलीत असेल, म्हणजे तुम्ही नकाशे छापून देणारे असाल, तर हा आकडा मोठा येतो. डेटा तयार करून देणारे असाल तर किरकोळ.

पायरी ८: निवड

एकट्याने शिकणारा, छोटी कामं घेणारा, संशोधन करणारा: क्यूजीआयएस. यात मला फारशी शंका नाही. वहीतले आकडे स्पष्टपणे उलट सांगत असतील तरच दुसरीकडे बघा.

ज्यांच्यासोबत रोज काम करायचं आहे ते सगळे आर्कजीआयएसच्या सर्व्हरवर असतील तर प्रो घ्या. अशा ठिकाणी चार पैसे वाचवायला वेगळं सॉफ्टवेअर घेणारा माणूस दिवसभर फाइली इकडून तिकडे बदलत बसतो, आणि वाचलेले पैसे त्यातच जातात.

ड्रोन किंवा लायडारचा डेटा रोज येत असेल तर ग्लोबल मॅपर सोबतीला ठेवण्याजोगं आहे. मॅपइन्फो नव्याने घ्यायचं कारण मला क्वचितच दिसतं. मात्र जुना मोठा संग्रह आणि त्यावर मॅपबेसिक या मॅपइन्फोच्या भाषेत लिहिलेली साधनं रोज चालत असतील, तर ती मोडून दुसरीकडे जाण्याआधी पायरी ७ चा आकडा नीट काढा.

पाच-सहा जणांचा गट असेल तर मिश्र मांडणी बहुतेकदा परवडते: विकतचं एकच लायसन्स, ज्याला एक्स्टेंशनची खरी गरज आहे त्याच्याकडे, आणि बाकीचे क्यूजीआयएसवर. अट एकच, डेटा दोघांनाही वाचता येईल अशा जागी हवा. जिओपॅकेज सामायिक नेटवर्क ड्राइव्हवर ठेवून चौघांनी एकाच वेळी लिहू नये. एसक्यूलाइट त्यासाठी बनलेलं नाही, फाइल अडकून बसते, कधी खराबही होते. एकाच वेळी अनेकांना लिहायचं असेल तर पोस्टजीआयएस (नकाशाचा डेटा ठेवणारा सर्व्हरवरचा डेटाबेस) उभारा. ते मोफत आहे आणि दोन्ही सॉफ्टवेअर त्याला जोडता येतात. फक्त ते सांभाळायला एक माणूस लागेल, आणि त्याचे तासही हिशेबात लिहा.

चाचणीचं फोल्डर आणि वही निर्णयानंतर टाकून देऊ नका. लायसन्सच्या नूतनीकरणाच्या महिनाभर आधी, किंवा क्यूजीआयएसची दीर्घकाळ आधाराची नवी आवृत्ती आली की, तेच काम एकदा चालवून बघा. एका दुपारचं काम आहे. क्षेत्रफळाचा आकडा मागच्याशी जुळतो का, देवनागरी लेबल नीट येतात का, मॉडेल न अडखळता चालतं का, एवढं बघून मगच पैसे भरा किंवा नवी आवृत्ती सगळ्यांच्या संगणकांवर टाका.